तांब्याच्या पट्टीला तीन हात रंग

"या गाडीत आता कुणाला दोष काढायचाच असेल, तर त्याने आधी स्वतःचे डोळे तपासून यावं!"

रविवारी सकाळी साडेआठ वाजता गॅरेजच्या दारात उभं राहून पेंटरने हे वाक्य उच्चारलं. ऐकायला बायकोखेरीज कुणीच नव्हतं, म्हणून ते त्याने पुन्हा एकदा, जरा मोठ्याने उच्चारलं. पायरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या बायकोने दोन्ही वेळा मान वर केली नाही.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. दातांच्या डॉक्टरपासून चपलांच्या दुकानापर्यंत अर्ध्या गावाची अक्षरं त्याच्या हातची. माणूस देवभोळा, मनाने लोण्यासारखा, कुणाच्याही मदतीला अर्ध्या जेवणावरून उठणारा. दोष म्हणाल तर एकच. हातात ब्रश आला की समोरची वस्तू त्याला वस्तू म्हणून दिसायचीच नाही. अजून न रंगवलेली वस्तू म्हणून दिसायची! घरातली शिडी रंगवून झाली होती, नळ रंगवून झाला होता, एकदा तर मागची खिडकी त्याने बिजागऱ्यांसकट अशी काही रंगवली की ती उघडली थेट दीड वर्षांनी. तीसुद्धा चौकटीसकट.

गाडी मात्र त्याची नव्हती. सासऱ्यांची होती. सासरे चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, आणि ही गाडी त्यांच्या थोरल्या मुलीपेक्षा वयाने मोठी. गोल डोळ्यांची, फुगीर गालांची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. डोळे अधू झाले तसं सासऱ्यांनी चालवणं सोडलं, आणि गाडी कुणाची हा प्रश्न उभा राहिला. जावई दोन. धाकटा हा आपला पेंटर. थोरला, म्हणजे पेंटरचा साडू, जमीन मोजणीच्या कचेरीत होता आणि खिशात सदैव टेप बाळगून होता. त्याने गाडीसाठी शेड बांधली होती, मापाचं कव्हरही शिवून घेतलं होतं. जुनी गाडी ही झाकून ठेवण्याची गोष्ट आहे असं त्याचं म्हणणं.

पेंटरच्या मनात दुसरंच होतं. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचा रविवार फार लांब झाला होता. सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खिडकीशी बसत, आणि दुपार होईपर्यंत तिथेच असत. गाडी मिळाली तर दर रविवारी त्यांना शेजारी बसवून लांबवर फिरवून आणायचं, हे पेंटरने देवासमोर हात जोडून ठरवलं होतं. बोलला मात्र कुणालाच नव्हता. बोलला असता तर सासऱ्यांना वाटलं असतं, जावई गाडीसाठी गोड बोलतोय!

सासऱ्यांनी निवाडा केला तो असा. "जावईबापू, सहा महिने गाडी तुमच्याकडे. नीट करा. मग मी येईन, तीन सेल्फ मारायला लावीन. तीनात चालू झाली तर तुमची. नाही झाली तर थोरल्यांची."

सेल्फ म्हणजे किल्ली फिरवल्यावर मोठ्या इंजिनाला पहिला गरका देणारी छोटी मोटर. ती फिरली तर गाडी, नाही तर लोखंडाचं कपाट.

तर आज तो रविवार होता. सासरे अकराला येणार होते.

गेले सहा महिने पेंटरने जिवाचं रान केलं होतं. मिस्त्रीने इंजिन बाहेर काढलं, दुरुस्त केलं. ते बाहेर आहे तोवर पेंटरने इंजिन रंगवलं, इंजिनाची बसायची जागा रंगवली, एकेक नट, एकेक बोल्ट रंगवला. शनिवारी दुपारी मिस्त्रीने इंजिन परत बसवलं. पहिल्याच सेल्फमध्ये गाडी अशी सुरू झाली की पेंटरच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री पुतण्याच्या लग्नाला निघून गेला. जाताना म्हणाला, "आता कशाला हात लावू नका."

पेंटरने लावला नाही. फक्त संध्याकाळी बॉनेट उघडून कौतुकाने बघत असताना त्याला एक पट्टी दिसली. इंजिनापासून गाडीच्या अंगापर्यंत गेलेली, तांब्याच्या तारांची विणलेली, हिरवट काळी पडलेली. एवढ्या देखण्या संसारात ती भिंतीवरच्या पालीसारखी दिसत होती! पेंटरने ती सोडवली, घासली, चंदेरी रंगाचे तीन हात दिले, वाळवली, आणि खडखडू नये म्हणून दोन्ही टोकांना रबराच्या चकत्या घालून पुन्हा लावली. वर बोल्टच्या डोक्यांनाही एकेक हात. मग पाच पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून त्याने बघितलं, आणि रात्री तो बाळासारखा झोपला.

"आता बघ हं," पेंटर बायकोला म्हणाला. देवाचं नाव घेतलं, आत बसला, किल्ली फिरवली.

टक्.

बायकोने आता मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही. आळस झटकतेय."

टक्.

"अजून झटकतेय?"

टक्. टक्. टक्.

पेंटरने दिवे लावून बघितले, तर शेजारच्या बंगल्यातल्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल इतका उजेड! हॉर्न दाबला, तर समोरच्या झाडावरचे कावळे एकदम उडाले! सगळं ठणठणीत, आणि सेल्फ तेवढा मौनात.

"अहो, काल सुरू होत होती ना?" बायको जवळ आली.

"पहिल्या सेल्फला!"

"मग त्यानंतर तुम्ही काय केलंत?"

"काही नाही!"

"काही नाही म्हणजे काय?"

"काही नाही म्हणजे... थोडंसं रंगवलं."

"मग त्यानेच झालं असेल."

पेंटर दुखावला. "अगं, रंगाने आजवर कुणाचं वाईट झालंय? बॅटरी उतरलीय ही! तुला यातलं काय कळतंय?"

बावीस वर्षांच्या संसारात हे शेवटचं वाक्य तो जेव्हा जेव्हा बोलला होता, तेव्हा तेव्हा तासाभरात तोंडघशी पडला होता. पण गर्वाची मजा हीच असते की त्याला मागचं काही आठवत नाही.

बॅटरीवाल्याला फोन गेला. कोपऱ्यावरच दुकान, तो नवी कोरी बॅटरी खांद्यावर मारून दहा मिनिटांत हजर झाला. जुनी काढली, नवी लावली.

टक्.

बॅटरीवाल्याने जुन्या बॅटरीला मीटर लावला आणि सुस्कारा सोडला. "साहेब, ही तर नवीपेक्षा दांडगी आहे. सेल्फ अडकला असेल तुमचा. हातोडीने जरा ठोका."

ठोकायचं म्हणजे रंग उडणार! पेंटरने हातोडीला आधी पायमोजा चढवला, वर एक रुमाल गुंडाळला. इतक्या मायेने कुणी उशीसुद्धा थोपटत नाही. बायको किल्लीवर बसली.

"फिरव!"

टक्.

"तू फिरवत नाहीयेस!"

"आता हाताने इंजिन फिरवू का?"

"चोक ओढ! थंडीने आखडली असेल!"

चोक म्हणजे डॅशबोर्डवरचं बोटाएवढं बटण, मागे लोखंडी तार, थेट इंजिनापर्यंत गेलेली. बायकोने ते ओढलं आणि किल्ली फिरवून धरली.

"धरून ठेव! धरून ठेव! मी ठोकतोय!"

"अहो..."

"सोडू नकोस!"

"अहो, धूर!"

डॅशबोर्डमागून निळसर धूर निघाला. पेंटर धावत आला, खिडकीतून हात घालून चोकचं बटण आत ढकलायला गेला, आणि जी आरोळी ठोकली तिने मघाशी परतलेले कावळे पुन्हा उडाले. बटण तापलेल्या तव्यासारखं झालं होतं! बायकोने किल्ली सोडली, बाहेर उडी मारली आणि कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलून धुराच्या दिशेने भिरकावली. धूर आणि बादली यांच्या मधोमध नेमका पेंटर होता.

"नमस्कार! आंघोळ चाललीय वाटतं?"

दारात साडू उभा होता. वेळेआधी तासभर. काखेत घडी घातलेलं कव्हर, हातात टेप.

"या, साडूभाऊ," डोक्यावरून पाणी निथळत असताना पेंटर म्हणाला. "आम्ही जरा... गाडी धूत होतो."

"बाहेरून धुतात सहसा," साडू म्हणाला. मग धूर दिसताच तो परत फिरला, आपली स्कूटर वीस पावलं लांब नेऊन लावली आणि मगच आत आला. "चालू होत नाही ना?"

"होते तर!"

"मग करा."

पेंटरने विषय बदलून चहाचं विचारलं.

साडू मनाने वाईट नव्हता. आरशाची उंची, चाकांमधलं अंतर वगैरे टेपने मोजत तो सहज म्हणाला, "आमचे साहेब त्यांची गाडी ढकलून चालू करतात. सेल्फ लागतच नाही."

पेंटरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ढकलून! एकदा चालू झाली की बंदच करायची नाही! बाबा येतील, गाडी सुरूच असेल. सुरू असलेल्या गाडीला तीन सेल्फ कोण मारायला लावील?

"हे फसवणं झालं," बायको म्हणाली.

"फसवणं कसलं? चालू गाडी ही चालूच असते!"

"बाबांना कळेल."

"बाबांचे डोळे अधू आहेत!"

"कान नाहीत."

पण पेंटर आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. बायकोला स्टिअरिंगवर बसवलं. मागे पेंटर आणि बॅटरीवाला. साडूलाही बोलावलं, पण तो कव्हर छातीशी धरून म्हणाला, "माझा या प्रकरणात हितसंबंध आहे. मी तटस्थ. शिवाय कंबर."

रस्ता कोपऱ्यापर्यंत सपाट, मग किंचित उतार. पहिल्या झटक्यात गाडी हललीच नाही, कारण हॅण्डब्रेक ओढलेला होता. दुसऱ्यात हलली, पण पेंटरचा ओला पाय घसरून तो डांबरावर लोटांगण घालून पडला. तिसऱ्या वेळी उताराला लागली, बायकोने क्लच सोडला, गाडीने एक मोठी शिंक दिली आणि सुरू झाली! बायकोने तिला वळवून आणून दारात उभी केली. फुर्र फुर्र फुर्र. इतका गोड आवाज पेंटरने आयुष्यात ऐकला नव्हता. ओला, धुळीने माखलेला, उजव्या हाताची दोन बोटं फुंकत तो गाडीशेजारी अशा थाटात उभा राहिला, की कुणाला वाटावं त्याने ती स्वतः जन्माला घातली आहे.

बरोबर अकराला सासरे रिक्षातून उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी.

"या बाबा! बघा, सुरूच आहे!" पेंटर हसत पुढे झाला.

सासऱ्यांनी आधी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग गाडीभोवती सावकाश एक फेरी मारली. रंगावरून तळवा फिरवला, दाराच्या कडेवर बोट टेकवलं, आणि तिथेच थांबले.

"हा रंग," ते म्हणाले. आवाज जरासा फाटला. "तुमच्या सासूबाई ज्या दिवशी पहिल्यांदा बसल्या, त्या दिवशी असाच होता."

पेंटरचा ऊर भरून आला.

"आता बंद करा," सासरे म्हणाले.

"अं?"

"बंद करा, आणि सेल्फ मारा. तीन ठरले होते."

"बाबा, चालूच आहे तर उगाच पेट्रोल..."

"बंद करा."

बायकोने किल्ली काढली. गल्लीत एकदम शांतता पसरली. साडूने टेप गुंडाळून खिशात ठेवली. पेंटर आत बसला. डोळे मिटले, होते नव्हते तेवढे देव आठवले, फिरवली.

टक्.

"एक," साडू म्हणाला.

टक्. आणि चोकमागून धुराची एक रेघ.

"दोन. आणि धूर."

"थांबा," सासरे म्हणाले. काठी मडगार्डला टेकवून त्यांनी बॉनेट उघडलं आणि आत वाकले. डोळे अधू होते, म्हणून ते डोळ्यांनी बघतच नव्हते. बोटांनी चाचपडत होते. चोकच्या तारेला बोट लावून चटकन मागे घेतलं. मग तारेवरून हात खाली गेला, पट्टीवर आला. नखाने रंग खरवडला. हात चकतीवर आला.

"हे काय आहे?"

"पट्टी," पेंटर म्हणाला.

"पट्टी मला माहीत आहे. तिच्यावर काय आहे?"

"तीन हात," पेंटरचा आवाज आपोआप खाली गेला. "चंदेरी."

"आणि खाली?"

"रबर. खडखडू नये म्हणून."

सासऱ्यांनी बॅटरीवाल्याकडून जाडजूड जंपर वायर घेतली. एक टोक गाडीच्या अंगावर, एक इंजिनावरच्या उघड्या लोखंडावर चिमट्याने दाबलं. "मारा."

पेंटरने किल्ली नुसती हलवली. घर्रर्र! फुर्र फुर्र फुर्र!

"तीन!" साडू म्हणाला. मग घसा साफ करून, "पण जंपर लावून. अटीत जंपर नव्हता, बाबा."

"नव्हता," सासरे म्हणाले. त्यांनी गाडी बंद करायला लावली आणि पेंटरला जवळ बोलावलं. बसच्या नव्या चालकाला शिकवावं तशा शांत सुरात ते बोलू लागले.

"जावईबापू, करंट बॅटरीतून निघतो, सेल्फमध्ये राबतो. पण राबून झालं की त्याला घरी परतायला वाट लागते की नाही? इंजिन बसलंय रबरावर. गाडीच्या अंगाशी त्याचं नातं या एका पट्टीने. तिलाच अर्थिंग म्हणतात. तुम्ही त्या वाटेवर रंगाची भिंत बांधलीत, वर रबराचं दार लावलंत. दिव्यांची वाट वेगळी, म्हणून दिवे लागले. सेल्फचा एवढा मोठा करंट बिचारा परतायला वाट शोधत शोधत चोकच्या बारीक तारेतून घुसला. तार तापली. माणूससुद्धा घरचं दार बंद दिसलं की खिडकीने शिरतोच."

बायकोने तोंडातून एक शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्दच पेंटरच्या कानात बसच्या हॉर्नसारखा वाजत होता.

मग त्याने किल्ली काढली आणि साडूपुढे धरली.

"घ्या, साडूभाऊ. अट म्हणजे अट. आणि बाबा, आणखी एक. तुम्ही आलात तेव्हा गाडी सुरू होती ती ढकलून केली होती. तुम्हाला फसवायला. हिने नको म्हटलं होतं."

"माहीत आहे," सासरे म्हणाले. "रस्ता कोरडा, आणि तुमच्या ओल्या चपला उमटत गेलेल्या कोपऱ्यापर्यंत. शिवाय तुमच्या शर्टावर अर्धा रस्ता आहे. अधू डोळ्यांना एवढं दिसतं."

बॅटरीवाला हसला आणि लगेच खोकला.

"गाडी कुणाची का असेना," सासरे म्हणाले, "अशी नाही पाठवायची. पॉलिश पेपर आणा."

आणि मग पेंटरने ते केलं, जे त्याने बावीस वर्षांत केलं नव्हतं. स्वतःचा रंग स्वतःच्या हाताने काढला! गाडीच्या अंगावरची रुपयाएवढी जागा घासली. इंजिनावरची घासली. पट्टीची दोन्ही टोकं तांबडी होईपर्यंत घासली. पेपरचा प्रत्येक खर्र आवाज त्याच्या काळजावरून जात होता. चंदेरी भुगा चपलेवर पडत होता. दुसऱ्याच्या झालेल्या गाडीसाठी, भाजलेल्या बोटांनी, तो तासभर घासत होता, आणि शेवटी रबराच्या चकत्या फेकून देऊन त्याने पाना आवळला तेव्हा साडूसुद्धा दुसरीकडे बघत होता.

"थोरले जावईबापू, बसा," सासरे म्हणाले. "मारा."

साडूने दोन बोटांत, कुलपाची किल्ली धरावी तशी किल्ली धरून फिरवली. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. चोक थंडगार.

"अभिनंदन," पेंटर म्हणाला. आणि मनापासून म्हणाला, हे त्याला स्वतःलाच पटेना.

"आता ऐका," सासरे खिडकीत वाकून साडूला सांगू लागले. "दर रविवारी सकाळी सात वाजता मी तयार असेन. निघायच्या आधी पाणी, तेल बघायचं. पट्टीचा बोल्ट हाताने हलवून बघायचा. हात काळे होतात, जुनं धोतर ठेवा गाडीत. मग लांबवर जायचं, पुलापर्यंत, आणि ऊन तापायच्या आत परत."

साडूचं तोंड बघण्यासारखं झालं. "दर रविवारी?"

"दर."

"सातला?"

"साडेसहाला घरून निघालात तर चालेल."

"पण बाबा... मी तर कव्हर शिवून आणलंय!"

"कव्हर कशाला? गाडी आहे ती, पेटी नाही. मी मेल्यावर घाला कव्हर."

साडूने एकदा कव्हरकडे बघितलं, एकदा चोककडे, एकदा मघाच्या धुराने काळवंडलेल्या डॅशबोर्डकडे. रविवारी दहापर्यंत झोपणं हा त्याच्या संसाराचा कणा होता. तो हळूच खाली उतरला, किल्ली पेंटरच्या तळहातावर ठेवली आणि वर स्वतःच्या हाताने त्याची मूठ मिटली.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "मोजून बघितलं मी. माझी शेड चार बोटं कमीच पडतेय."

पेंटर सासऱ्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला वरच्या वर धरलं.

"आधी माझी अट. गाडी तुमची. पण बॉनेटच्या आत यापुढे ब्रश जाणार नाही."

"शपथ, बाबा!"

पहिली फेरी तेव्हाच निघाली. स्टिअरिंगवर बायको, कारण पेंटरची बोटं भाजलेली. तिच्या शेजारी सासरे, खिडकीची काच खाली, पांढऱ्या शर्टाची बाही वाऱ्यावर फडफडत असलेली. पेंटर मागे. कोपरा गेला, उतार गेला, सासरे काठीच्या मुठीवर ताल धरून कधीचं तरी एक भजन गुणगुणू लागले. पेंटरचे डोळे भरून आले. देवाने एवढं दिलं, आणखी काय हवं!

मग त्याला एकाएकी आठवलं. पाना आवळताना तो निसटला होता आणि मडगार्डच्या आतल्या कडेवर एक ओरखडा उठला होता. अगदी नखाएवढा. मडगार्ड काही बॉनेटच्या आत येत नाही! म्हणजे तसं नीट बघायला गेलं तर...

पुढच्या आरशातून मागे बघत बायको म्हणाली.

"अहो. खिशातला हात बाहेर काढा. रिकामा."